एकतीस मार्चची भिशी

घराचं कर्ज काढायचं म्हणजे आधी माणसं जमवायची, हे आजच्या तिशीतल्या मुलामुलींना सांगितलं तर खरं वाटत नाही. त्यांच्या लेखी कर्ज म्हणजे सिबिलचा आकडा, पगाराच्या तीन स्लिपा आणि मोबाइलवर येणारा ओटीपी. आमच्या लहानपणी कर्ज म्हणजे जामीनदार. तोही कुणीही चालत नसे. नोकरी कायम हवी, निवृत्तीला बरीच वर्षं बाकी हवीत, आधी दुसऱ्या कुणाला जामीन राहिलेला नको. आणि मुख्य म्हणजे रविवारी सकाळी त्याच्या दारात उभं राहिल्यावर त्यानं बायकोकडून ‘हे घरी नाहीत’ असं सांगून पाठवता कामा नये.

अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९८४ साली डोंबिवलीला दोन खोल्यांचा ब्लॉक घेतला. तोवर आम्ही लालबागच्या चाळीत होतो. अण्णा ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात लेथवर. गृहकर्ज हा प्रकार तेव्हा अगदी कोवळा होता. आयसीआयसीआयमधून निवृत्त झालेल्या हसमुखभाई पारेखांनी वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, १९७७ मध्ये, एचडीएफसी काढली. त्याआधी नोकरदार माणसाला घरासाठी दारात उभं करणारी कंपनीच नव्हती म्हणा ना. बँका कारखान्यांना कर्ज देत, शेतीला देत, पण ‘मला राहायला घर हवंय’ म्हणणाऱ्याकडे त्या बघत नसत. त्यामुळे घर व्हायचं ते असं तुकड्यातुकड्यांनी: थोडं गृहकर्ज, थोडी प्रॉव्हिडंट फंडातली उचल, थोडं सोसायटीचं कर्ज, आणि उरलेलं आईच्या पाटल्या. आमच्याकडे गृहकर्ज होतं चाळीस हजारांचं, पंधरा वर्षांचं, साडेबारा टक्क्यांनी. हप्ता पाचशेच्या थोडा वर.

सोसायटी म्हणजे इथे राहत्या इमारतीची नव्हे, कारखान्यातल्या कामगारांची पतपेढी. एकमेकांच्या बचतीवर घरं उभी करायचं हे वळण मुंबईत फार जुनं. गावदेवीची सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ सालची, म्हणजे सहकाराचा पहिला कायदा होऊन जेमतेम अकरा वर्षं झालेली. अण्णांच्या सोसायटीचं कार्यालय कँटीनच्या मागच्या खोलीत होतं. एक लोखंडी कपाट, एक टेबल, आणि जेवणाच्या सुट्टीतच हजर असणारे सेक्रेटरी, तेही कामगारच. कर्जाच्या फॉर्मवर टोकन नंबर, सभासद क्रमांक, कर्जाचं कारण आणि दोन जामीनदारांच्या सह्या. कारणाच्या रकान्यात बहुतेक जण ‘घरदुरुस्ती’ किंवा ‘मुलीचं लग्न’ लिहीत, कारण ती दोन कारणं समितीत कधी अडत नसत. हप्ता परस्पर पगारातून कापला जाई. सहकारी संस्था अधिनियमातलं कलम ४९ त्यासाठीच आहे. आणि दिवाळीला डिव्हिडंड मिळे. म्हणजे वर्षभर जे व्याज भरलं त्यातलं थोडं आपलंच आपल्याला परत, वर सेक्रेटरींची शाबासकी. अण्णांना त्या डिव्हिडंडचं भारी कौतुक होतं. त्यातून फटाके येत.

पण घर लवकर सुटलं ते सोसायटीमुळे नव्हे, आईच्या भिशीमुळे.

ते कसं, हे समजायला त्या काळचा व्याजाचा हिशेब माहीत हवा. तेव्हा गृहकर्जाचं व्याज वार्षिक शिल्लकेवर आकारलं जाई. वर्षाच्या सुरुवातीला जेवढं मुद्दल बाकी, त्यावर अख्ख्या वर्षाचं व्याज. तुम्ही दर महिन्याला हप्ता भरत राहायचा, पण तो मुद्दलात वळता व्हायचा वर्षाअखेरी, ३१ मार्चला. थोडक्यात, एप्रिलमध्ये भरलेले पैसे आणि पुढच्या मार्चमध्ये भरलेले पैसे खातेवहीच्या लेखी सारखेच. पहिल्या वर्षी आम्ही सहा हजार भरले. त्यातले पाच हजार व्याजात गेले आणि मुद्दल फिटलं हजारभर रुपये. अण्णांनी तो उतारा आईला दाखवला तेव्हा तिला आधी वाटलं की कारकुनानं एक शून्य खाल्लं.

आईचं शिक्षण सातवीपर्यंतचं. पण तिनं त्या उताऱ्यातून नेमकी गोष्ट काढली. जादा पैसे भरायचे असतील तर ते मार्चमध्येच हाताशी यायला हवेत. आधी आले तर घरात खर्च होतील, नंतर आले तर वर्ष वाया जाईल. इमारतीतल्या बारा जणींची भिशी होती, महिन्याला शंभर रुपयांची. चिठ्ठी काढायची. मे महिना लग्नांचा, जून शाळेच्या पुस्तकांचा, भाद्रपदात गणपती, मग दिवाळी. या महिन्यांवर सगळ्यांचा डोळा. मार्चला गिऱ्हाईकच नव्हतं. आईनं सांगून टाकलं, ‘माझी चिठ्ठी डब्यात घालूच नका, मला दरवर्षी मार्च द्या.’ बाकी अकरा चिठ्ठ्या डालड्याच्या रिकाम्या डब्यात पडत. त्या मागच्या वर्षीच्या कालनिर्णयच्या पानाच्या असत, आणि काढायला मला बोलावत, कारण मी कुणाचीच बाजू घेण्याच्या वयाची नव्हते. जूनची चिठ्ठी कुणाला लागली की बाकीच्या दहा जणींचे चेहरे बघण्यासारखे होत.

भिशीचं वर्ष एप्रिलला सुरू होई, म्हणजे आईची चिठ्ठी शेवटची. शेवटची चिठ्ठी घेणाऱ्याची जोखीम सगळ्यात मोठी, हे भिशी खेळलेल्या कुणालाही ठाऊक आहे. आपल्याआधी अकरा जणींनी पैसे उचललेले. त्यातल्या एकीनं हात वर केले तर आपल्या वाट्याला फक्त भांडण येतं. एका वर्षी ते होता होता राहिलं. पहिल्या मजल्यावरच्या काकूंच्या यजमानांची कंपनी बंद पडली. काकूंनी तर जूनलाच भिशी उचललेली. डिसेंबरपासून त्यांचे शंभर येईनात. त्या स्वतःच एक दिवस सगळ्यांसमोर बसून रडल्या. मग इतर जणींनी त्यांचे चार महिन्यांचे शंभर आपसात वाटून घेतले, दर महिन्याला प्रत्येकी नऊ-साडेनऊ रुपये. आईला मार्चला पूर्ण बाराशे मिळाले. काकूंनी पुढच्या वर्षभरात ते फेडले, कुणी मागायला न जाता. हे सगळं एका पाठकोऱ्या वहीत लिहिलेलं होतं आणि त्या वहीवर कुणाचीही सही नव्हती.

ते बाराशे रुपये घेऊन अण्णा मार्चच्या शेवटच्या आठवड्यात अर्ध्या दिवसाची रजा टाकून मुंबईला जात. रोखीनं भरून पावती आणत आणि ती पावती देवापुढे न ठेवता आधी आईच्या हातात देत. वर्षाच्या साऱ्या हप्त्यांतून सुरुवातीला हजारभर मुद्दल फिटत होतं. भिशीमुळे एका फेरीत त्याहून जास्त फिटू लागलं. भिशीत पैसा वाढत नाही, व्याज मिळत नाही, फक्त तो पळून जात नाही. एवढ्यानं काय होतं? पंधरा वर्षांचं कर्ज दहाव्या वर्षी, १९९४ च्या मार्चमध्ये संपलं.

इथवर वाचून कुणी उसासा टाकणार असेल तर त्यानं थोडं थांबावं. त्या दिवसांचं सगळंच काही हळवं होण्याजोगं नव्हतं. जामीन या शब्दानं किती घरं बसली हे मी लालबागमध्ये पाहिलंय. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यातले कित्येक पुन्हा आत गेलेच नाहीत. आमच्या मजल्यावरच्या एका गिरणी कामगारानं वस्तीतल्या पतपेढीतून कर्ज घेतलेलं. त्याला जामीन राहिलेले म्युनिसिपालटीतले शिपाई. संपकरी गावी निघून गेला आणि कपात सुरू झाली शिपायांच्या पगारातून. दोन्ही घरांचं बोलणं तुटलं ते तुटलंच. त्यात शिपायांचा दोष काय, तर ते शेजारी होते.

शिवाय तेव्हा तुमचं कर्ज ही गावभरची गोष्ट असे. तुम्ही नवा पंखा घेतलात की जामीनदाराची बायको विचारणार, ‘अरे वा, सोसायटीचं फिटलं वाटतं?’ मदत होती, पण तिच्याबरोबर पाळतही होती. आणि भिशीत कुणाला घ्यायचं, हे ठरवताना नुसता सचोटीचा विचार होत नसे. भाडेकरूला घेत नसत, एकट्या राहणाऱ्या बाईला घेताना दहा वेळा विचार होई, आणि जातीचं नाव न घेता जातही विचारली जाई. ज्यांना त्या बारा जणींत जागा मिळाली त्यांनाच ते दिवस गोड आठवतात. आम्हाला मिळाली होती, म्हणून मला आठवतात.

नव्वदच्या दशकात दर चौदा-सोळा टक्क्यांवर गेले, पुढे बँका गृहकर्जात उतरल्या, दर कोसळले, आणि कर्ज देणारा एजंट घरी येऊ लागला. जामीनदार हळूहळू गेला. पण या मधल्या काळात एक चमत्कारिक गोष्ट होती: लवकर फेडलंत तर दंड. बाकी रकमेवर दोनेक टक्के द्या, मग मोकळे व्हा. कर्ज बुडवणाऱ्याला नोटीस आणि फेडणाऱ्याला दंड, हा न्याय कित्येक वर्षं चालला. राष्ट्रीय आवास बँकेनं २०११ मध्ये गृहवित्त कंपन्यांना आणि रिझर्व्ह बँकेनं जून २०१२ मध्ये बँकांना सांगितलं की बदलत्या दराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घ्यायचा नाही. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांत कर्जदाराच्या बाजूनं झालेला हा सगळ्यात मोठा निर्णय आहे, आणि त्याची वर्तमानपत्रांत चार ओळींच्या वर दखल घेतली गेल्याचं मला स्मरत नाही.

आता आजचं. माझी भाची पुण्याला वाकडमध्ये राहते. तिनं २०२१ च्या डिसेंबरात साठ लाखांचं कर्ज घेतलं, पावणेसात टक्क्यांनी, वीस वर्षांसाठी. हप्ता ४५,६२२ रुपये. मे २०२२ पासून रेपो दर वाढत गेला. चार टक्क्यांवरून फेब्रुवारी २०२३ पर्यंत साडेसहावर पोचला. २०१९ च्या ऑक्टोबरपासून बँकांची नवी गृहकर्जं बाहेरच्या दराशी जोडलेली असल्यानं तिचा दरही मागोमाग सव्वानऊ झाला. हप्ता मात्र बँकेनं बदलला नाही. तिला वाटलं, बरं झालं. मग तिनं एकदा उतारा उघडून पाहिला. हप्त्यातल्या शंभर रुपयांतला एक रुपयासुद्धा मुद्दलात जात नव्हता. कर्जाची मुदत गुपचूप वाढत चालली होती. असं घरोघरी झालं, म्हणून तर रिझर्व्ह बँकेला ऑगस्ट २०२३ मध्ये सांगावं लागलं की दर बदलला की कर्जदाराला विचारा, हप्ता वाढवायचा की मुदत.

तिनं मला फोन केला. मी काय सांगणार? मी तिला आजीच्या मार्चच्या भिशीची गोष्ट सांगितली. ती हसली. ‘अगं मावशी, आता मार्चपर्यंत कोण थांबतंय? व्याज रोजच्या शिल्लकेवर लागतं. आज भरले की उद्यापासून कमी.’ बरोबरच आहे. हिशेबाच्या बाबतीत तिचं जग आमच्यापेक्षा कितीतरी न्यायाचं आहे. रजा नको, रांग नको, रोख नको, दंड नको.

फक्त तिच्याजवळ ती बारा माणसं नव्हती. साठ लाखांचं कर्ज आणि ते माहीत असलेलं माणूस एकच, नवरा. तोही त्याच कर्जात. ऑफिसात सगळ्यांच्या डोक्यावर कर्ज, पण पगार आणि कर्ज या दोन गोष्टी बोलायच्या नाहीत असा अलिखित नियम. एकदा जेवताना तिनंच तोंड उघडलं, ‘माझं मुद्दल वर्षात फारसं हललंच नाही, तुमचं?’ तर समोरच्या तिघींचं तेच निघालं.

तेव्हापासून त्या चौघी महिन्याच्या पहिल्या शनिवारी एकीच्या घरी बसतात. मी एकदा गेले होते. पोह्यांच्या बशा, चौघींचे लॅपटॉप, आणि मध्ये एक वही; हो, कागदाचीच. वहीत प्रत्येकीचं एक पान, आणि पानावर एकच आकडा दर महिन्याला खाली लिहायचा: बाकी मुद्दल. पगार कुणी विचारत नाही. पैसे एकत्र करत नाहीत. ज्याचे त्याचे, ज्याच्या त्याच्या खात्यात. प्रश्न एकच, ‘या महिन्यात जादा किती गेले?’ एकीचे आठशे गेले होते. कुणी हसलं नाही. दुसरीनं विचारलं की आठशेच का, तर ती म्हणाली सासऱ्यांचा मोतीबिंदू. बरं, म्हणून पुढच्या पानाकडे वळल्या.

भाचीनं पहिल्या बैठकीनंतर हप्ता वाढवून ५५,२०० करून घेतला, म्हणजे मुदत मूळ जागी आली. मग बोनस आणि गाडीसाठी साठवलेले मिळून तीन लाख एकदम भरले. गाडी पुढे ढकलायचं धाडस तिला एकटीला झालं नसतं, असं तीच म्हणते. दुसऱ्या एका मैत्रिणीनंही त्याच महिन्यात गाडी रद्द केली, म्हणून जमलं. त्या तीन लाखांनी शेवटचे सत्तावीस हप्ते गळाले. दर तसाच राहिला तर जवळपास पंधरा लाखांचे हप्ते. ॲपवर पैसे भरताना ‘हप्ता कमी करायचा की मुदत?’ असं विचारलं गेलं, तेव्हा बाकीच्या तिघी फोनवर होत्या आणि एकदम ओरडल्या, ‘मुदत!’

त्यांच्यात वादही होतात. एकीचं म्हणणं, गृहकर्ज नऊ टक्क्यांचं, एसआयपीत बारा मिळतात, मग फेडायची घाई कशाला? गणित म्हणून ते चूक नाही. फक्त नऊ टक्के नक्की आहेत आणि बारा नक्की नाहीत, एवढं धरून चालावं. ‘करात सूट मिळते म्हणून कर्ज ठेवा’ हा अण्णांच्या पिढीनंतर घरोघर चाललेला सल्ला मात्र आता पुष्कळ अंशी निकालात निघाला आहे. नव्या कररचनेत स्वतः राहत्या घराच्या कर्जावरच्या व्याजाची वजावट मिळत नाही. ज्यांनी ती रचना घेतली आहे आणि तरीही सुटीसाठी कर्ज सांभाळून ठेवलं आहे, त्यांनी एकदा आपल्या सीएला फोन करावा.

मला त्या चौघींत सगळ्यात आवडलेली गोष्ट जादा पैसे भरण्याची नाही. त्यांच्यातल्या एकीची नोकरी गेली. आयटीत जाते तशी, दुपारच्या एका कॉलवर. तिच्या खात्यात चार लाख होते आणि ती म्हणत होती की ते कर्जात भरून हप्ता तरी हलका करून घेते. तिघींनी तिला हात धरून थांबवलं. कर्जात गेलेले पैसे साध्या गृहकर्जात परत काढता येत नाहीत. घरखर्च आणि हप्ते धरून सहा महिन्यांचे पैसे हाताशी राहू देत, मग बाकीचं. वहीतल्या तिच्या पानावर पाच महिने तोच उतरता, नेहमीच्या हप्त्याचा आकडा होता, जादा शून्य. मग नोकरी लागली. आजीच्या भिशीत पहिल्या मजल्यावरच्या काकूंना जे मिळालं ते हेच, फक्त इथे कुणाचे साडेनऊ रुपये अडकले नव्हते.

मला विचाराल तर अण्णा-आईंच्या काळात सोबत होती आणि हिशेब वाईट होता. आता हिशेब चांगला आहे आणि सोबत मुद्दाम जमवावी लागते. पण जुनी भिशी जशीच्या तशी आणा असं मी म्हणणार नाही. साठ लाखांच्या कर्जापुढे भिशीही लाखांची लागेल, आणि त्या रकमा इमारतीतल्या ओळखीवर सोडण्याइतके आपण एकमेकांना ओळखत नाही. १९८२ च्या चिट फंड कायद्यानुसार नोंदणी नसलेली लाखांची भिशी बुडाली तर दाद मागताना नाकी नऊ येतात. चौघींनी पैसा वेगळा ठेवला आणि वही एक ठेवली, हे त्यांचं शहाणपण आईच्या पुढचं आहे.

ज्यांचं कर्ज चालू आहे त्यांना एवढंच सांगते. २०२५ मध्ये दर उतरले. बँकेनं हप्ता कमी केला असेल तर तो जुन्याइतकाच ठेवायला सांगा, मुदत आपोआप आखडेल. उतारा वर्षातून एकदा तरी उघडा आणि मुद्दलाचा रकाना बघा. दोन-चार विश्वासाच्या माणसांना तो दाखवा. आणि ज्यांचा शेवटचा हप्ता जवळ आला आहे त्यांनी नुसत्या एसएमएसवर समाधान मानू नये. बेबाकीचा दाखला लेखी घ्या, मूळ खरेदीखत आणि बँकेकडे दिलेला प्रत्येक कागद यादीशी ताडून परत घ्या, गृहनिर्माण संस्थेच्या दप्तरातली बँकेची नोंद अर्ज देऊन काढून घ्या, आणि जमीन-मालमत्तेच्या उताऱ्यावर बोजा चढवला असेल तर तो उतरवून घ्या. पूर्ण फेड झाल्यापासून तीस दिवसांत मूळ कागद परत देणं १ डिसेंबर २०२३ पासून बँकांवर बंधनकारक आहे, आणि दिरंगाई त्यांची असेल तर भरपाई दिवसाला ५,००० रुपये आहे. ती मागून घ्या.